पहिला शिक्का

फॉरेन ट्रिप म्हणजे लाखभर रुपये, महिनाभर सुट्टी आणि अमेरिकेतला एक काका, असं वाटणाऱ्या सगळ्यांसाठी... तीन रजा, दोन मैत्रिणी आणि एका चुकलेल्या आडनावाची ही बँकॉक-कथा.

माझा पासपोर्ट २०१६चा. बीएमएमच्या पहिल्या वर्षाला असताना काढलेला. डिग्री हातात पडली रे पडली की कुठलं तरी चॅनेल माझ्या हातात माइक देऊन मला थेट परदेशात धाडणार, याबद्दल तेव्हा मला जराही शंका नव्हती. बाबांनी फॉर्म भरून दिला, व्हेरिफिकेशनला आलेल्या हवालदारांना आईने चहा-पोहे खिलवले आणि तो निळा पासपोर्ट प्लास्टिकच्या कव्हरात बसून कपाटाच्या लॉकरमध्ये गेला. एफडीच्या पावत्यांच्या शेजारी.

नंतर तो तिथेच राहिला. चॅनेलने परदेशात सोडाच, मला कधी पनवेललाही पाठवलं नाही. मी नोकरी सोडली, फ्रीलान्सर झाले. जून २०२५मध्ये पॅनकार्ड शोधताना पासपोर्ट हाताला लागला. उघडला. शिक्क्यांसाठी ठेवलेली सगळी पानं कोरी करकरीत. आणि मुदत संपण्याची तारीख, एप्रिल २०२६.

बहुतेक देशांना पासपोर्ट पुढचे किमान सहा महिने चालणारा लागतो. म्हणजे एप्रिलचा पासपोर्ट ऑक्टोबरमध्येच बाद. माझ्याकडे उरले होते जेमतेम चार महिने. एवढ्या वर्षांत एकही शिक्का न मिळवता हा पासपोर्ट रिटायर होणार? जाम वाईट वाटलं हो!

ग्रुपची ट्रिप कधीच का होत नाही?

तसे प्लॅन काय कमी केले? कॉलेजच्या ग्रुपवर तीनदा परदेशवारी ठरली होती. एकदा बाली, एकदा दुबई, एकदा तर चक्क पॅरिस. पॅटर्न ठरलेला. आधी अकरा जण ‘आय ॲम इन’ म्हणणार. मग हॉटेलच्या स्विमिंग पूलचे फोटो येणार. मग तारखांवर भांडण. मग कुणाचं तरी लग्न. मग शांतता.

या वेळी मी शांतपणे विचार केला आणि लक्षात आलं, की आपण सगळं उलट्या क्रमाने करतो. स्विमिंग पूल आधी, पासपोर्ट शेवटी. पैसे खर्च होतात ते या उलट्या क्रमामुळे, आणि ट्रिप बारगळते तीही त्यामुळेच. सुलटा क्रम अगदी साधा आहे. आधी पासपोर्ट, मग व्हिसाचे नियम, मग रजा, मग तिकीट, मग खोली. स्विमिंग पूल त्यानंतर, तोही परवडला तर!

पासपोर्ट नसेल तर आजच सुरुवात करा. ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये आहे, तत्काळसाठी आणखी २००० मोजावे लागतात.

व्हिसाच्या पायरीवर माझे अर्धे देश गळाले. युरोपच्या शेंगेन व्हिसाची फी जून २०२४पासून मोठ्यांसाठी ९० युरो झाली. त्यात अपॉइंटमेंट, इन्शुरन्स, बँक स्टेटमेंट. आणि फ्रीलान्सरचं बँक स्टेटमेंट म्हणजे ईसीजी असतो. एखाद्या महिन्यात उंच उडी, पुढचे दोन महिने सपाट रेघ. कोण देणार मला व्हिसा?

थायलंडने मात्र नोव्हेंबर २०२३मध्ये भारतीय पर्यटकांना व्हिसामाफी दिली आणि जुलै २०२४मध्ये मुक्कामाची मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवली. आम्ही सप्टेंबर २०२५मध्ये गेलो तेव्हा व्हिसाचा खर्च शून्य होता. पण हे नियम सरकार बदललं, धोरण बदललं की बदलतात. म्हणून तिकिटाचं बटण दाबण्याआधी त्या देशाच्या दूतावासाची वेबसाइट बघायचीच. मावसभाऊ ‘अरे, मी गेलो होतो तेव्हा लागत नव्हता’ म्हणाला, हा पुरावा नव्हे.

बाकी गोष्टीही जुळत होत्या. मुंबईहून साधारण साडेचार तासांची फ्लाइट. घड्याळ फक्त दीड तास पुढे. एअरपोर्टवरून शहरात थेट ट्रेन. पहिल्यांदा जाणाऱ्याला आणखी काय हवं?

घरी जाहीर केलं. बाबांनी पेपरमधून डोकं वर न काढता विचारलं, ‘बँकॉकच का?’ त्या ‘च’मध्ये बरंच काही होतं. आईचा मुद्दा वेगळा होता. ‘पितृपक्षात कुणी नवीन काही करतं का गं?’

‘म्हणून तर स्वस्त मिळतंय,’ मी म्हटलं.

खरं कारण पावसाचं. सप्टेंबरमध्ये बँकॉकला धो धो पाऊस असतो, त्यामुळे तो तिथला ऑफ सीझन. पण ज्याने लोकलच्या दारात उभं राहून सव्वीस जुलैच्या आठवणी ऐकल्यात, त्याला कसली पावसाची भीती दाखवता?

तिकिटाचा फंडा

जोडीला आली ती माझी शाळेपासूनची मैत्रीण. आयटीमध्ये टेस्टर, लग्नाला सहा महिने झालेले, नवरा प्रोजेक्टवर चेन्नईला. तिच्याकडे रजा तीनच. गुरुवारी रात्री निघायचं, मंगळवारी दुपारी परत. मधले शनिवार-रविवार फुकटात मिळाले. शुक्रवार, सोमवार, मंगळवार, बस!

‘अमुक वारी बुक केलं की स्वस्त मिळतं’ वगैरे मंत्र विसरून जा. तीन गोष्टी मात्र खरंच उपयोगी पडतात. एक, तारीख दोन-तीन दिवस मागेपुढे सरकवायची तयारी ठेवा. वीकएंडला जोडून मधल्या वाराला निघालात तर फरक दिसतो. दोन, बॅगेसकटची किंमत बघा. स्वस्त विमान कंपनीच्या मूळ भाड्यात बऱ्याचदा फक्त सात किलोची हातातली बॅग असते. चेक-इन बॅग, सीट, जेवण, सगळ्याचं मीटर वेगळं. तीन, एअरपोर्टचं नाव वाचा. बँकॉकला दोन आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. परतीचं विमान दुसऱ्याच एअरपोर्टवरून असू शकतं.

आठ दिवस भाव बघितले. माणशी १७,८०० रुपये, जाऊन-येऊन. रात्री पावणेबाराला, पायजम्यात, लॅपटॉपसमोर बसून मी दोन तिकिटं काढली. हात थरथरत होते. एका फटक्यात एवढे पैसे मी आजवर फक्त दाढ काढायला दिले होते.

एका आडनावाची किंमत

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला तिकीट फॉरवर्ड केलं. पाच मिनिटांत फोन.

‘अगं, हे कुणाचं नाव आहे?’

तिचं नाव, नवऱ्याचं आडनाव. तिच्या लग्नानंतर मी कौतुकाने फोनमध्ये तिचं नवं आडनाव सेव्ह केलं होतं. बुकिंग करताना त्यातूनच उतरवलं. पासपोर्टवर अर्थातच माहेरचं आडनाव होतं. पासपोर्टचा फोटो तिने मला दोन दिवस आधीच पाठवला होता. मी तो उघडलाही नव्हता.

कस्टमर केअरला फोन लावला. चाळीस मिनिटं संगीत ऐकलं. उत्तर मिळालं, की स्पेलिंगमधलं एखादं अक्षर दुरुस्त होईल, आख्खं आडनाव नाही. तिकीट नॉन-रिफंडेबल. रद्द केलं तर फक्त करांचे वगैरे ४२०० रुपये परत. तोवर त्याच विमानाचं भाडं २१,३०० झालेलं. गणित सोपं होतं, माझ्या एका चुकीची किंमत १७,१०० रुपये. म्हणजे जवळपास आणखी एक बँकॉक!

मी म्हटलं, सगळे मी भरते. ती काहीच बोलली नाही. दोन दिवस आम्ही बोललो नाही. मला वाटलं, पैशांवरून चिडली असेल. तिसऱ्या दिवशी ती घरी आली. गॅलरीत बसून म्हणाली, ‘पैशांचं नाही गं. नाव बदलायचं की नाही, हे माझं अजून ठरत नाहीये. सासरी रोज कुणीतरी विचारतं. तू तर न विचारता तिकिटावर छापून टाकलंस.’

यावर काय बोलणार? मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, ‘अर्धे-अर्धे. आणि या वेळी मी टाइप करणार.’ मग तिने पासपोर्ट समोर ठेवून, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत, स्वतःचं तिकीट स्वतः काढलं.

म्हणून काळ्या दगडावरची रेघ समजा. तिकिटावर तेच नाव, जे पासपोर्टवर आहे. फेसबुकवरचं नाही, लग्नपत्रिकेतलं नाही, ऑफिसच्या आयकार्डवरचंही नाही. आपल्याकडे पासपोर्टच्या ‘गिव्हन नेम’मध्ये बऱ्याचदा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन नावं असतात. असतील तर तिकिटावरही दोन्ही टाका. आणि सगळ्यांची तिकिटं एकाने काढायची असतील तर पैसे देण्याआधी प्रत्येकाला स्वतःचं नाव वाचायला लावा.

खोली नव्हे, स्टेशन शोधा

हॉटेल बघताना आपण फोटोतला पलंग बघतो. बघायचा असतो नकाशा! बँकॉकचं ट्रॅफिक आपल्याला घरच्यासारखं वाटावं, इतकं भयानक आहे. त्यावर उतारा म्हणजे १९९९मध्ये सुरू झालेली बीटीएस स्कायट्रेन आणि २००४मध्ये आलेली एमआरटी मेट्रो. यांच्या स्टेशनपासून पाच-सात मिनिटं चालत, एवढी एकच अट मी घातली. फया थाई भागात एक साधं, स्वच्छ गेस्टहाऊस मिळालं. दोघींत मिळून रात्रीचे २२०० रुपये. फया थाईला एअरपोर्टची ट्रेन आणि स्कायट्रेन दोन्ही भेटतात, म्हणजे आपलं दादरच म्हणा ना. सुवर्णभूमीहून तिथवरचं तिकीट ४५ बात, वेळ अर्धा तास. आमच्या वेळी एका बातला साधारण पावणेतीन रुपये पडत होते.

‘फ्री कॅन्सलेशन’वालीच खोली घ्या, भले शे-दोनशे रुपये जास्त जावोत. आणि बुकिंगचा कागद, परतीचं तिकीट, थोडे पैसे जवळ ठेवा. इमिग्रेशनवर विचारू शकतात.

निघायच्या आधीचं शेवटचं काम म्हणजे टीडीएसी, थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड. १ मे २०२५पासून ते सक्तीचं झालं. पोहोचण्याच्या तीन दिवस आधीपासून ऑनलाइन भरता येतं आणि ते फुकट आहे. हे अधोरेखित करा, कारण सर्च केल्यावर हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या, पैसे मागणाऱ्या साइट्सही निघतात. पैसे मागितले की समजायचं, दार चुकलं.

पैशांचं म्हणाल तर थोडे बात इथूनच नेले, बाकी फोरेक्स कार्डवर. तिथल्या एटीएममध्ये परदेशी कार्डाला दर वेळी दोनशेहून जास्त बात चार्ज पडतो, त्यामुळे पाचशे-पाचशे काढत बसू नका. मशीन ‘रुपयांत कन्व्हर्ट करू का?’ असं प्रेमाने विचारतं. नाही म्हणा. तो रेट त्यांच्या सोयीचा असतो.

आणि मग... खट्!

मुंबईच्या इमिग्रेशन काउंटरवर साहेबांनी विचारलं, ‘काय करता?’ ‘फ्रीलान्स.’ ‘म्हणजे घरीच असता?’ आईची आठवण आली. परतीचं तिकीट दाखवलं, सुटले.

शुक्रवारी पहाटे सुवर्णभूमीवर उतरलो. लांबलचक रांग. काचेपलीकडच्या बाईंनी पासपोर्ट चाळला, सगळी कोरी पानं बघितली, मधलंच एक पान निवडलं आणि शिक्का मारला. खट्! एवढासाच आवाज. मी बाजूला होऊन ते पान दोन मिनिटं बघत उभी राहिले. मागून मैत्रीण आली. तिच्याही पासपोर्टवर शिक्का होता, तिच्याच नावाच्या पासपोर्टवर. ‘बघितलंस?’ म्हणाली. बघितलं.

शहर स्वस्तात बघायचं तर नदी धरा. सफान टाक्सिन स्टेशनला उतरून खालीच साथोर्न धक्का. तिथून केशरी झेंड्याची बोट, १६ बातमध्ये. ऑफिसला जाणारी माणसं, भगवे भिक्खू, शाळेची मुलं आणि आम्ही. चाओ फ्राया नदीच्या काठाने निम्मं बँकॉक दिसतं. ग्रँड पॅलेसला ५०० बात, वाट फोला ३००, पाच बातच्या तरीतून पलीकडे वाट अरुणला २००. वाट फोमधला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे. फोटोत मावत नाही, तेव्हा प्रयत्न सोडा आणि नुसतं बघा.

ग्रँड पॅलेसच्या वाटेवर एक अतिशय सभ्य गृहस्थ भेटले. ‘आज पॅलेस बंद आहे, टुकटुकने दुसरी देवळं दाखवतो, स्वस्तात.’ हा तिथला जुनाच खेळ. पॅलेस सकाळी साडेआठपासून साडेतीनपर्यंत उघडा असतो. सीएसएमटीच्या बाहेरचे टॅक्सीवाले रोज बघणाऱ्या आम्ही दोघी गोड हसून पुढे गेलो. फक्त कपड्यांचं लक्षात ठेवा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आमच्या जुन्या कुर्त्यांनी काम भागवलं.

आत पाचूच्या बुद्धाच्या देवळाभोवतीच्या ओवऱ्यांमध्ये भिंतभर रामायण रंगवलंय. ते त्याला रामाकियेन म्हणतात. त्यातला हनुमान पांढराशुभ्र आणि चांगलाच खट्याळ आहे. आईला फोटो पाठवला. पितृपक्ष विसरून तिचा लगेच रिप्लाय, ‘बाबांना दाखवला.’

मैत्रीण शाकाहारी, त्यामुळे खाण्याची धास्ती होती. दोन गोष्टी पाठ केल्या. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत लिहिलेलं ‘जे’ दिसलं की तिथे मांस-मासे काही नसतं. आणि बाकी ठिकाणी ‘माय साय नाम प्ला’, म्हणजे फिश सॉस घालू नका. आमचा उच्चार ऐकून बायका खो खो हसायच्या, पण सॉस बाजूला ठेवायच्या. गोडाचा प्रश्नच नव्हता. नारळाच्या दुधातला चिकट भात आणि वर पिकलेला आंबा. मूळच्या मालवणच्या मला हा पदार्थ परदेशी म्हणताना लाजच वाटली.

पण मला विचाराल तर त्या चार दिवसांतला सगळ्यात भारी क्षण फुकटातला होता. रविवारी संध्याकाळी लुंफिनी पार्कमध्ये बसलो होतो. तळ्याकाठी हाताएवढी लांब घोरपड ऊन खात पडलेली. आजूबाजूला शेकडो लोक धावत होते. सहा वाजले, स्पीकरवर राष्ट्रगीत सुरू झालं आणि सगळं पार्क जागच्या जागी थांबलं. घामाघूम माणसं, स्ट्रोलर ढकलणाऱ्या आया, सगळे. आम्हीही उभ्या राहिलो. गीत संपलं, पुढच्याच क्षणी सगळे पुन्हा धावायला लागले. असल्या गोष्टी कुठल्या पॅकेजच्या कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेल्या नसतात.

हिशोब द्या, हिशोब!

तुम्ही याचीच वाट बघत होतात, माहितीये. एका माणसाचा, चार रात्रींचा खर्च :

तिकीट : १७,८०० रुपये
खोली (अर्धा वाटा) : ४४००
शहरातला प्रवास : २२००
खाणं-पिणं : ५२००
तीन ठिकाणची प्रवेश तिकिटं : २७५०
ट्रॅव्हल इन्शुरन्स : ६००
मोबाइल डेटा : ७००
चातुचाक मार्केटमधली खरेदी : ४१००
एकूण : ३७,७५० रुपये
आडनावाचा दंड (अर्धा वाटा) : ८५५०
एकंदर : ४६,३०० रुपये

यातला शेवटचा दंड तुम्हाला भरायचा नाहीये, म्हणून तर एवढं लिहिलं. रोजचे एवढे बाजूला काढा वगैरे सल्ला मी देणार नाही. मला जमलेलं नाही. मी चार महिन्यांत दोन जास्तीच्या असाइनमेंट घेतल्या आणि त्यांचे चेक आल्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाकले, एवढंच.

परत येताना सुवर्णभूमीच्या डिपार्चरला समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प आहे. देव एकीकडे, दानव एकीकडे, मध्ये वासुकी. त्याच्यासमोर मैत्रीण म्हणाली, ‘पुढच्या वेळी हनोई?’ मी म्हटलं, ‘कुठल्या नावाने बुक करू?’ ती म्हणाली, ‘पासपोर्ट बघून कर की.’ तिने अजून नाव बदललेलं नाही. बदललंच तर तिचं ती ठरवेल. मी फोनमधलं मात्र खोडलं.

घरी आल्यावर बाबांनी चष्मा लावून शिक्का बघितला. पान उलटलं, पुन्हा मागे आणलं. मग म्हणाले, ‘बाकीची पानं वाया गेली की गं.’

तो पासपोर्ट आता रद्द होऊन, कोपरा कापून परत आलाय. सोबत नवा. दहा वर्षांचा, पुन्हा कोरा करकरीत. जुना लॉकरमध्ये ठेवला. नवा मात्र माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे, हाताशी. तुमचा कुठे आहे? उठा, आधी त्याची तारीख बघा!